पाखऱ्याच्या खुंट्यावरची फटफटी

या मित्रांनो, आत या. दार करकरतं, त्याकडे लक्ष देऊ नका. फक्त माझ्या उजव्या अंगानं या. भिंत आणि माझ्यामध्ये डावीकडे जी हातभर जागा आहे, तिथं कोणी उभं राहू नका. का ते सांगते, पण सगळं ऐकल्यावर.

आज अंगावर गंज चढलाय, सीटमध्ये उंदरांनी घर केलंय, पण एके काळी मी विलायती फटफटी होते. साधीसुधी नव्हे हं! दोन सिलिंडरांची, साडेसहाशेची, लांबच्या सफरीला जोरात धावावं म्हणून मुद्दाम घडवलेली. बोटीनं आले, मुंबईला उतरले आणि खामगावच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या साहेबाकडे राहिले. साहेब मला रोज पुसायचा. मग तो मायदेशी परत निघाला, आणि एकोणीसशे चौसष्टच्या उन्हाळ्यात मोताळ्याजवळच्या या गावातल्या इंद्रभानभाऊंनी मला विकत घेतलं.

इंद्रभानभाऊ म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले धुरकरी. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा तो धुरकरी. पाखऱ्या आणि कैऱ्या ही त्यांची जोडी. जुवात डावीकडे पांढऱ्या खांद्याचा पाखऱ्या, उजवीकडे तांबडा कैऱ्या. भाऊ छकड्यावर उभे राहिले की बघणारे बांधावर चढून उभे राहायचे म्हणे. अशा माणसानं फटफटी का घ्यावी? गावाला कळेना. मला तर त्याहून कळेना, कारण घरी आणल्यावर मला ओसरीवर ठेवलं नाही, अंगणात ठेवलं नाही. सरळ गोठ्यात आणून एका रिकाम्या खुंट्याशी उभं केलं. आता तुम्हीच सांगा, विलायती बाईला शेणामुताच्या शेजारी कोणी बसवतं का?

तिथली जमीन खुरांनी खोलगट झाली होती. माझी चाकं बरोबर त्या खळग्यांत बसली. पलीकडच्या खुंट्याला कैऱ्या एकटाच होता. त्यानं नाक लांबवून मला हुंगलं, फुरफुर केलं आणि मग मान उंच करून माझ्या पलीकडे, त्या हातभर जागेकडे बघत राहिला. तिथं काहीच नव्हतं. निदान मला दिसलं नाही, कारण माझा दिवा पुढे आहे.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंचं शिक्षण सुरू झालं, आणि गावाची करमणूक! खळ्यावर मला सुरू करताना पहिल्या लाथेलाच मी अशी उलटी झटकली की भाऊ लंगडत फिरले. पण खरी गंमत पुढे होती. मी पळायला लागले, समोर कडब्याची गंजी आली, तसे भाऊ ओरडले, "होऽ! होऽऽ!" आणि दोन्ही मुठी त्यांनी जीव खाऊन छातीकडे ओढल्या.

मित्रांनो, कासरा ओढला की बैल थांबतो. माझी उजवी मूठ ओढली की ती फिरते, पेट्रोल वाढतं आणि मी पळते. मी काय करणार? माझी घडणच तशी. मी उसळले आणि भाऊंना घेऊन थेट गंजीत शिरले. माणसं हसून हसून खाली बसली.

हसले नाहीत दोघंच. एक म्हातारे निवृत्ती, घरचे जुने सालदार. आणि दुसऱ्या भाऊंच्या पत्नी, अन्नपूर्णाबाई. डोक्यातला कडबा काढत भाऊ घरी आले तेव्हा बाई म्हणाल्या, "जनावर माणसाच्या बोलण्यानं थांबते. हे कायनं थांबते?"

"ब्रेक असते त्याले. शिकतो मी."

"जवा हिले थांबवता येईन, तवाच मी मांगं बसीन. तोवर नाही. मले कुंकू जड झालं नाही."

शिकले भाऊ, अगदी मन लावून. साहेबापेक्षा हात हलका होता त्यांचा. महिनाभरात ते मोताळ्याच्या बाजारात मला गर्दीतून अलगद न्यायला लागले. पण घाबरले की हात विसरायचा. कुत्रं आडवं आलं, ओढली मूठ. गाडीवाट अचानक वळली, ओढली मूठ. तीनदा पडलो आम्ही. चौथ्यांदा विहिरीच्या काठावर माझं पुढचं चाक अर्धं हवेत गेलं. त्या दिवशी अन्नपूर्णाबाई चुलीसमोर बसून नुसत्या रडल्या. हाताची ही खोड सुटली नाही तर एक दिवस आपला माणूस घरी येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं.

ही खोड का सुटत नाही ते मला निवृत्तींकडून समजलं. कैऱ्याला चारा घालताना ते आपल्याशीच बोलायचे. चैतातल्या पटात पाखऱ्या सकाळपासून धापा टाकत होता. लोक म्हणाले, राहू द्या. भाऊंनी तिसऱ्यांदा जोडी पळवली. पाखऱ्यानं जीव तोडून रेघ ओलांडली आणि तिथंच गुडघ्यावर बसला. तो पुन्हा उठलाच नाही.

"कासरा हातात होता," निवृत्ती म्हणायचे. "एक डाव ओढला असता तं जनावर जितं राह्यलं असतं. तवा ओढला नाही, म्हणून आता ओढून राह्यला बिचारा."

कासरा पुन्हा हाती धरणार नाही अशी शपथ घेऊन भाऊंनी मला आणलं होतं, आणि उभं केलं होतं ते पाखऱ्याच्याच खुंट्यावर. ते ऐकल्यावर माझं मन त्या खळग्यांत लागेना.

त्यानंतर मला एक एक जाणवायला लागलं. भर दुपारी, बाराच्या ठोक्याला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना आम्ही निघालो की थोड्या वेळानं डावीकडून आवाज यायचा. खुरांचा. माझ्या दोन सिलिंडरांच्या धडधडीत तो मिसळून जायचा, म्हणून भाऊंना ऐकू यायचा नाही. मी वेग घेतला की तोही वेग घ्यायचा. माझ्या डाव्या मुठीवर गरम श्वास यायचा. मी लोखंडाची आहे, मित्रांनो, भीती कशाशी खातात मला माहीत नव्हतं. पण तेव्हा माझा नटबोल्ट नटबोल्ट गार पडायचा. एकदा पाऊस पडून गेल्यावर निवृत्ती गोठ्याच्या वाटेवर उकिडवे बसून चिखल बघत राहिले. माझ्या चाकाची रेघ होती, आणि तिच्या डाव्या बाजूला दारापर्यंत खुरं उमटलेली होती. कैऱ्या तर दिवसभर बांधलेला. निवृत्तींनी पायानं ती खुरं पुसली.

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि त्याला जेवायचं आमंत्रण द्यायचं. निवृत्तींनी कैऱ्याचे खांदे मळले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." भाऊ हळदीची वाटी धरून उभे होते. ते हळूहळू माझ्याकडे वळले. पळसाचं पान बुडवून त्यांनी माझ्या डाव्या अंगाला हात नेला.

"लोखंडाले कोठचा खांदा आला?" अन्नपूर्णाबाई दारातून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

भाऊंनी हात मागे घेतला. पान वाटीत टाकलं. पण तोंडातून शब्द निघून गेले होते, "पाखऱ्या, आज आवतन घे बाबा, उद्या जेवाले ये."

कैऱ्या असा हंबरला की छपरावरची चिमणी उडाली. निवृत्ती हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, गेलेल्याले नाव घेऊन आवतन देत नसतात. तो येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी गावात डफडी वाजायला लागली. घराघरातून झुली घातलेल्या जोड्या तोरणाकडे निघाल्या. कैऱ्यालाही सजवलं होतं, शिंगांना बेगड लावली होती, पण जोडीला कोणी नाही. तोरणाखाली त्याला एकटं उभं राहिलेलं बघणं भाऊंच्यानं होईना. ते तडक गोठ्यात आले आणि त्यांनी मला बाहेर काढलं.

"भाऊ, काऊन असं करता?" निवृत्ती आडवे आले. "काल आवतन देल्लं या खुंट्याले, अन् आज जुंपता? पोळ्याच्या दिवशी जनावराच्या मानेवर जू ठेवत नाहीत."

"हे जनावर नव्हं, निवृत्तीबाबा."

"तुमी त्याले काय म्हणून बोलावलं, ते आठवा."

अन्नपूर्णाबाई नैवेद्याचं ताट घेऊन आल्या होत्या. नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "ओढू नोका. मी जेवाची थांबते."

आम्ही राजूरचा घाट चढलो. वरती पोहोचलो तोवर ढग खाली उतरले होते, आणि परत फिरलो तेव्हा हाताला हात दिसेना. दुपारचे तीन वाजले असतील, तरी माझा दिवा लावावा लागला. उजेड चार हातांवर जाऊन संपत होता. उतार होता म्हणून भाऊंनी मूठ सोडून दिली होती, त्यामुळे माझा आवाजही कमी झाला होता.

आणि त्या शांततेत खुरं वाजली. डावीकडे. दरीच्या अंगाला, जिथं रस्ता संपून नुसते कठड्याचे दगड होते.

या वेळी भाऊंनीही ऐकलं. त्यांचं सगळं अंग ताठ झालेलं मला सीटवर कळलं. "पाखऱ्या?" ते कुजबुजले.

तेवढ्यात वळणावरून धुकं फाडत मालट्रक आला. भाऊ दचकले, डावीकडे वळले आणि... ओढली! छातीपर्यंत ओढली मूठ. मी गर्जले. ट्रक उजवीकडून निघून गेला, पण मी सुटले ती सुटलेच. समोर दोन दगडांमधली मोकळी जागा, आणि तिच्यापुढे धुकं. आई गं! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या ताकदीची किळस आली. थांबावंसं वाटत होतं, पण थांबणं माझ्या हातात कधीच नव्हतं.

तेव्हा माझ्या डाव्या अंगाला खांदा लागला.

खांदाच तो, मित्रांनो. जड, गरम, केसाळ. जुवातला एक बैल दुसऱ्याला वळवताना रेटतो, तसा त्यानं मला रेटलं. माझं चाक दरीवरून डोंगराकडे वळायला लागलं. भाऊंचा डावा हात मूठ सोडून बाजूला गेला आणि धुक्यात कशावर तरी टेकला. त्यांनी थोपटलं. एकदा, दोनदा.

"हो बाबा, हो," भाऊ म्हणाले. ओरडले नाहीत. पट संपल्यावर जनावराला म्हणायला हवं होतं, तसं म्हणाले. "झालं आता. थांब. चुकलो मी, पाखऱ्या."

आणि उजवी मूठ आपोआप सैल झाली. मी रस्ता ओलांडून डोंगराकडच्या नालीत हळूच कलले आणि बंद पडले.

भाऊ ओल्या गवतात बसून लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी डावा तळवा डोळ्यांसमोर धरला. त्याला लोणी-हळद लागली होती आणि त्यात दोन पांढरे केस चिकटले होते. काल न लावताच वाटीत टाकलेली हळद ती. सकाळी तर ते न्हाले होते.

त्यांनी मला सुरू केलं नाही. पोळ्याच्या दिवशी जुंपत नाहीत ना! सगळा घाट आणि पुढचा सगळा रस्ता त्यांनी मला उजवीकडून धरून पायी ढकलत आणलं. डावी बाजू मोकळी सोडली. दारात पोचलो तेव्हा निवृत्ती कंदील घेऊन उभे होते. त्यांनी आधी आमच्यामागचा चिखल पाहिला. मधे माझ्या चाकाची रेघ, उजवीकडे माणसाची पावलं, डावीकडे खुरं. या खेपेला त्यांनी ती पुसली नाहीत. ते वळून अन्नपूर्णाबाईंना म्हणाले, "वहिनी, दोन ताटं वाढा."

एक ताट कैऱ्यापुढे ठेवलं, एक या हातभर जागेत. सकाळी दोन्ही रिकामी होती. कोणी खाल्लं ते मी सांगू शकत नाही. सांगितलं ना, माझा दिवा पुढे आहे.

त्यानंतर भाऊंचा हात कधी ओढला गेला नाही. कितीही भ्याले तरी मूठ सैल पडायची. पुढच्या महिन्यात अन्नपूर्णाबाई पदर खोचून मागे बसल्या आणि आम्ही मेहकरला देवदर्शनाला गेलो. संग्रामपूरपर्यंत लग्नांना गेलो. रस्त्यावरची माणसं वळून बघायची, मी मनातून फुलायची. ते दिवस फार छान होते, आणि जायचे तसे ते गेले. आधी कैऱ्या गेला, मग निवृत्तीबाबा, मग भाऊ. अन्नपूर्णाबाई होत्या तोवर दर पोळ्याला काठी टेकत यायच्या आणि आवतन द्यायच्या. आता घरात ट्रॅक्टर आहे. त्याच्यासाठी बाहेर पक्की शेड बांधली आहे. इकडे कोणी फिरकत नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, थकलेल्याला वेळेवर थांबवा. मग तो बैल असो, यंत्र असो की माणूस. आणि भीती वाटली तर ओढू नका, हात सैल सोडा. मला पुसलं नाही, तेल घातलं नाही तरी माझी तक्रार नाही. माझं वय झालंय.

पण आज खांदेमळणी आहे. डफडी ऐकू येतायत ना? तीन वर्षं झाली, त्याला कोणी जेवायला बोलावलेलं नाही, आणि बोलावल्याशिवाय तो तोंड लावत नाही. तुम्ही आलाच आहात, तर डावीकडे तोंड करून तेवढं आवतन द्या. हळू बोललात तरी चालेल. त्याचा कान इथं माझ्या मुठीपाशीच आहे.