जुन्या गावाचा आड

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षी टाकळवाडीलाही वेगळं व्हायचं होतं. जेमतेम चाळीसेक उंबऱ्यांची वाडी. पण ग्रामपंचायत शेजारच्या मोठ्या गावाची. दुष्काळात टँकर यायचा तो तिथंच रिकामा व्हायचा. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "पंचायत वेगळी मागता, तर गावाचं स्वतःचं पाणी दाखवा."

वाडीत पाणी नव्हतं. माळापलीकडं, वाडी पूर्वी वसली होती त्या उजाड जागी मात्र शिळेनं झाकलेला एक आड होता. वाडी तिथून का उठली, हे तरण्यांना ठाऊक नव्हतं; शपथेचं तेवढं सगळे ऐकून होते. उठताना सगळ्यांनी खंडोबाचा बेलभंडारा उचलला होता : त्या जागेचं बोलायचं नाही, बोलेल त्याचं घर बसेल. शपथ घेतलेल्यांतली कोंडाबाई तेवढी उरली होती. तेव्हा ती परकरी पोर होती, पण भंडारा तिच्याही तळहातावर ठेवला होता.

सिद्धलिंग पुढारी माणसं आणि पहारी घेऊन निघाला, तशी तीही काठी टेकत मागं गेली. घरात नात शिवकांता बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेली. म्हणून कोंडाबाईचं तोंड उघडत नव्हतं.

शिळा सरकली. पोहरा गेला आणि भरून आला. पाणी काचेसारखं.

"ये आजे, पयला घोट तुझा!" सिद्धलिंग म्हणाला.

"पिऊ नगा रे."

"का? मोठ्या गावानं फितवलं व्हय तुला?"

माणसं हसली. सिद्धलिंगानं ओंजळ भरून तोंडाशी नेली. कोंडाबाईनं एकदा वाडीकडं, आपल्या घराकडं पाहिलं.

"पटकी आली हुती," ती म्हणाली. "जाळाय-पुराय माणूस उरलं न्हाई. ह्याच्यातच टाकली समदी. माझी माय बी हितंच हाय."

ओंजळ सुटली. माणसांनी शिळा पुन्हा लोटली.

"आता सायबाला काय दावायचं?" मागून कुणीतरी म्हणालं. परतताना तिच्यासोबत कुणी चाललं नाही.

दिवेलागणीला शिवकांताला कळा सुरू झाल्या. कोंडाबाई धापा टाकत सुईणीच्या दारात गेली. वाडीतलं एकूण एक मूल सरजाबाईच्याच हातावर आलेलं.

"सरजे, चल गं लवकर. पोरगी अडलीय."

आत कुजबुज झाली. मग सरजाबाईचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून. "कोंडामाय, मला बी लेकरं हायत. भंडारा मोडलेल्या घरात पाय न्हाई टाकायची मी."

आतून कडी लागली.