दहा खेपा

डॉक्टरबाईंनी लिहून दिलेला कागद घेऊन मीटरवाले औषधांच्या खिडकीशी गेले. आतल्या माणसाने तो वाचला, उलटून पाठीमागे काही आहे का ते पाहिलं आणि परत त्यांच्या हातात ठेवला.

"हे आमच्याकडे मिळत नाही, काका."

"का? संपलं?"

"अहो, यात गोळी कुठाय? चालणे, दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. एवढंच लिहिलंय."

"जेवणाआधी की जेवणानंतर, ते तरी लिहिलंय का?" मागून त्यांच्या बायकोने विचारलं. खिडकीतला माणूस हसला, रांगेतले दोघे हसले. मीटरवाल्यांनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि कोणाकडेही न बघता बाहेरची वाट धरली.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लोक त्यांना मीटरवालेच म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी दोन वस्त्या पायी फिरून घरोघरच्या विजेचे आकडे वहीत उतरवले होते. मग आकडे दुरून वाचणारी यंत्रं आली आणि मीटरवाले घरी बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. खिडकीशी खुर्ची, खुर्चीसमोर टीव्ही, हाताशी पाण्याचा तांब्या. तांब्यातलं पाणी संपलं की हाक मारायची, एवढीच काय ती हालचाल. खोकला जाईना म्हणून छातीचा फोटो काढला, तर उजव्या फुप्फुसात गाठ निघाली.

सर्जन तरुण होता आणि तोडून बोलायचा. "गाठ काढता येईल. तिच्याबरोबर फुप्फुसाचा एक भाग जाईल. उरलेल्यावर तुम्हाला जगायचंय. आत्ता तुम्ही दारापासून या खुर्चीपर्यंत आलात तर तुम्हाला धाप लागली. असंच टेबलावर घेतलं तर गाठ जाईल, पण तुम्ही परत याल याची खात्री मी देणार नाही. महिनाभर थांबता येईल, त्याहून जास्त नाही. मागच्या इमारतीत चालण्याच्या डॉक्टर आहेत. त्यांच्यासमोर सहा मिनिटांत दहा खेपा घाला, मग मी सुरी हातात घेतो."

"आणि नऊ झाल्या तर?" बायकोने विचारलं होतं.

सर्जनने पेनचं टोपण लावलं होतं. तेच उत्तर.

दहा खेपा घालायच्या त्या मागच्या इमारतीतल्या बोळात. एका टोकाला एक्स-रेची खोली, दुसऱ्या टोकाला जुन्या कागदपत्रांची, मधे तीस मीटर लांबीची फरशी. दोन्ही टोकांना नारिंगी शंकू ठेवलेले. भिंती कमरेपर्यंत हिरव्या, वर पांढऱ्या. एका बाजूला उंचावर खिडक्या होत्या आणि सकाळी आठ वाजता त्यांतून उन्हाचे चौकोन फरशीवर पडायचे, इतके सारख्या अंतरावर, की जणू कोणी मोजून अंथरलेत. आठ ते नऊ हा बोळ डॉक्टरबाईंचा. साखरवाली शिंपीण, रक्तदाबवाला बसचालक, गुडघे धरलेल्या शाळामास्तरीण, सगळ्यांना त्या गळ्यातलं घड्याळ दाबून चालायला लावायच्या.

बाई फार बोलत नसत. "चालणं हे औषध आहे, म्हणजे त्याला मात्रा आहे," एवढं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. "कमी पडलं तर लागू पडत नाही, जास्त झालं तर अंगावर येतं. मी लिहीन तेवढंच घ्यायचं. पण रोज घ्यायचं."

"लोकांना हे पटतं?" मीटरवाल्यांनी विचारलं.

"गोळी जास्त पटते."

मीटरवाल्यांना यात नवल वाटलं नाही. लोकांचं बसणं त्यांनी आकड्यांत पाहिलं होतं. ज्या इमारतीत लिफ्ट आली तिचा आकडा चढला आणि जिन्यात भेटणारी माणसं कमी झाली. पुढे त्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्याला जुन्या कुंड्या, मोडक्या सायकली येऊन उभ्या राहिल्या. हे त्यांनी बाईंना सांगितलं तेव्हा बाईंनी ते चक्क वहीत लिहून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडचा, आकडा नसलेला शब्द पहिल्यांदाच कोणीतरी लिहून घेत होतं.

पहिल्या दिवशी साडेपाच खेपा झाल्या. छातीत कोणीतरी वाळूची पिशवी ठेवल्यासारखं वाटलं आणि चौथ्या खेपेला खुर्ची मागावी लागली. मग घरी सकाळी, दुपारी, संध्याकाळी दहा-दहा मिनिटं. बायको बरोबर चालायची. सोबत म्हणून कमी, पहारा म्हणून जास्त.

"अहो, रेंगाळू नका. मागून गोगलगाय आली तर वाट द्यावी लागेल."

"तू पुढे हो. गोगलगायीशी मी बोलून घेईन."

दुसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. श्वासाकडे लक्ष गेलं की श्वास अडतो, हे मीटरवाल्यांच्या ध्यानात आलं. मग मनाला कामाला लावायचं म्हणून त्यांनी आपली जुनी हद्दच त्या बोळात आणून मांडली. पहिला उन्हाचा चौकोन म्हणजे निळ्या दाराचं घर. जिन्याखाली अंधार, चपलांच्या मागे मीटर. मान डावीकडे वाकवल्याशिवाय आकडा दिसत नसे. काचेआड ती पातळ चकती गरगरत असायची आणि तिच्या कडेवरची काळी खूण यायची, जायची, पुन्हा यायची. दुसरा चौकोन म्हणजे कुलूपवाल्याचं घर. तिथलं मीटर इतकं हळू फिरायचं, की चकतीला झोप लागली असावी. तिसऱ्या दारात केस पुसत उभी असलेली बाई रागावून म्हणायची, "काल का नाही आलात?" आणि काल यायचंच नसायचं.

बघता बघता बोळातल्या हिरव्या भिंती विरघळून जायच्या. फरशीची माती व्हायची. औषधांचा वास जाऊन ओल्या भिंतींचा, केरोसीनचा, कोणाच्या तरी साबणाचा वास यायचा. एक्स-रेच्या खोलीपाशी वळताना त्यांना वाटायचं, आपण गल्लीचं तोंड वळतोय. श्वास आपला आपण चालू असायचा, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बाईंनी पुन्हा मोजलं. मीटरवाले खुशीत होते. पाय हलके होते, छातीतली वाळू कुठेतरी सांडून गेली होती. घड्याळ वाजलं तेव्हा त्यांनी विचारलं, "झाल्या ना दहा?"

"आठ. आणि थोडी वर."

"कसं शक्य आहे?"

बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. बोटाला लावलेला प्राणवायू मोजायचा चिमटा काढला, त्यावरचा आकडा पुन्हा पाहिला आणि भुवया जवळ आणल्या. "काका, चक्कर येते का?"

"नाही."

"डोळ्यांपुढे अंधारी?"

"छे."

"मग थांबलात कशाला? एकूण अकरा वेळा थांबलात."

"मी?" मीटरवाल्यांना रागच आला. "मी एकदाही थांबलो नाही."

"काकू, थांबले ना?"

"थांबले म्हणजे! मान वाकडी करून उभे," बायको म्हणाली. "घरीही तसंच. पाणी आणायला म्हणून जातात आणि स्वयंपाकघराच्या दारात वाकडे होऊन भिंतीकडे बघत राहतात. मला वाटलं, मान आखडली असेल."

बाईंनी आपला कागद पुढे केला. त्यावर अकरा वेळा बारीक अक्षरात एकच शब्द होता: चक्कर. प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. "हे असंच सर्जनकडे गेलं तर ते नाही म्हणतील. चालताना अकरा वेळा चक्कर येणाऱ्या माणसाला कोणी भूल देत नाही. पण मला एक गोष्ट जुळत नाही. तुम्ही थांबलात तेव्हा धाप नव्हती. बोटावरचा आकडा उत्तम होता. नाडी ठीक. आणि ओठ हलत होते. काय म्हणत होतात?"

मीटरवाले मान खाली घालून, चोरी पकडली गेल्यासारखे म्हणाले, "चार, आठ, शून्य, दोन, सहा."

"हे काय?"

"निळ्या दाराचं घर."

हळूहळू सगळं बाहेर आलं. बायकोने कपाळावर हात मारला. "अगं बाई! इथे जिवावर बेतलंय आणि हे लोकांची मीटरं बघत फिरतायत!"

बाई हसल्या नाहीत. कागदावरचे अकराही शब्द त्यांनी एकेक रेघ ओढून खोडले आणि म्हणाल्या, "म्हणजे पाय तयार आहेत. फक्त कामावर आहेत."

"मग आता काही आठवायचंच नाही. सरळ चालतो," मीटरवाले म्हणाले.

तसा त्यांनी लगेच प्रयत्न करूनही पाहिला. बोळ नुसता बोळ राहिला, श्वास कानाशी आला, चौथ्या खेपेला खुर्ची लागली. बाईंनी पाणी दिलं. फरशीवरच्या उन्हाच्या चौकोनांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली. मग त्यांनी विचारलं, "काका, तुमच्या हद्दीत मीटर नसलेला रस्ता होता का?"

असा प्रश्न आजवर त्यांना कोणी विचारला नव्हता. मीटरवाल्यांनी दोन्ही वस्त्या मनात चाळल्या. घरं, दुकानं, पिठाची गिरणी, शाळा, पुन्हा घरं.

"होता," ते शेवटी म्हणाले. "पहिली वस्ती संपली की दुसरी लागेपर्यंत. कालव्याकाठचा. तिथे घर नाही, खांबसुद्धा नाही. वही बगलेत मारून नुसतं चालायचं."

शुक्रवारी सकाळी शेवटची मोजणी होती. निकाल बाईंनी सर्जनला लगेच फोनवर कळवायचा होता. बायकोने त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही, त्यामुळे मीटरवाले जास्तच घाबरले.

घड्याळ दाबलं गेलं. पहिल्या चौकोनापाशी निळं दार उघडू लागलंच होतं, त्याला त्यांनी पाठ दिली आणि वस्तीच्या शेवटच्या भिंतीला वळसा घातला. कालवा होता. सकाळचं धुकं पाण्यावर हातभर उंच तरंगत होतं. काठाच्या झाडांची पानं एकेक करून पाण्यात पडत होती आणि पाण्याबरोबर मीटरवाल्यांच्याच वेगाने निघाली होती. पलीकडे कोणीतरी कपडे आपटत होतं. आवाज उशिरा यायचा, हात वर गेल्यावर.

"छान चाललंय. चार मिनिटं उरली," कालव्यापलीकडून बाई म्हणाल्या.

वाचायला काही नव्हतं. डोळे मोकळे, हात मोकळे. इतकी वर्षं या रस्त्याने गेलो, पण हा रस्ता कामात धरला नाही, असं मीटरवाल्यांच्या मनात आलं. रोज दोन वस्त्यांच्या मधे कोणीतरी त्यांना हे एवढं पाणी, एवढी सावली फुकट देत होतं, आणि बहुधा त्यावरच चौतीस वर्षं छाती धड राहिली होती.

"दोन मिनिटं."

आणि मग कालवा संपला. त्यांना नको असताना संपला. समोर दुसऱ्या वस्तीतलं पहिलं घर उभं राहिलं, अंगणात मीटरची लाकडी पेटी, पेटीला तडकलेली काच. पाय मंदावले. मान डावीकडे कलू लागली. या घराचा आकडा त्यांनी कधीही चुकवला नव्हता. ताप अंगात असताना घेतला होता, मुलगी झाली त्या दिवशी घेतला होता. अंदाजे हा शब्द त्यांच्या वहीत एकदाही नव्हता.

दारातून म्हातारी बाहेर आली. "या मीटरवाले."

बोळात बायको उठून उभी राहिली. तिला म्हातारी दिसत नव्हती, पण नवऱ्याची मान दिसत होती.

"आज नाही, आजी," मीटरवाले मोठ्याने म्हणाले. "उद्या येतो."

मान सरळ झाली. अंगण मागे पडलं. पुढचं घर, त्याच्या पुढचं, सगळी दारं उघडत गेली आणि सगळ्यांना ते उद्या, उद्या म्हणत गेले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पण भाता चालू होता. नारिंगी शंकूला त्यांचा हात लागला आणि घड्याळ वाजलं.

बाईंनी शंकूपाशी येऊन उगाचच एकदा फरशीकडे पाहिलं. "दहा," त्या म्हणाल्या. मग सर्जनला फोन केला, हळू आवाजात बोलल्या, कागदावर सही केली. "मंगळवारी सकाळी. उपाशीपोटी यायचं."

मंगळवार ऐकला आणि मीटरवाले खुर्चीवर बसले. गेला महिनाभर त्यांनी दहाव्या खेपेच्या पुढचा विचारच केला नव्हता. आता पुढे सुरी होती, भूल होती, आणि अर्धवट उरलेलं फुप्फुस होतं. बायको शेजारी येऊन बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला नाही, त्यांच्या सदऱ्याची उलटी दुमडलेली बाही तेवढी सरळ केली.

"बाई, त्याच्यानंतर चालायचं कधी?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. त्यात सूट नाही. दुखेल, तरीही."

"किती?"

"पलंगापासून खिडकीपर्यंत. आणि परत."

बाई पुढच्या माणसाकडे वळल्या. बसचालक शंकूपाशी उभा राहून पँट सावरत होता. मीटरवाल्यांनी डोळे मिटले. पलंगापासून खिडकीपर्यंत म्हणजे सहा-सात पावलं. एवढी छोटी गल्ली शोधायला हवी होती. टाकीमागची लांब पडेल. गिरणीची चढाची.

"आता काय पुटपुटताय?"

"एक गल्ली होती," ते म्हणाले. "दोनच घरांची. पुढे भिंत. भिंतीपलीकडे काय होतं ते कधी बघितलं नाही."

बायकोने पिशवी मांडीवर घेतली आणि ऐसपैस टेकून विचारलं, "आणि त्या दोन घरांत कोण राहायचं?"