बारकीचा डावा कान

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा आहे. एक पोलादी दांडी आणि तिला फुटलेले दोन लांब दाते, एवढंच माझं रूप. कारखान्यात मला घासून घासून एका सुरात आणलं. मग कानाच्या डॉक्टरबाईंनी लोकांचं ऐकणं तपासायला वीस वर्षं मला रोज आपल्या गुडघ्यावर आपटलं. पुढे ऐकणं तपासायचं यंत्र आलं आणि मी खणात कापसाच्या बोळ्यांशेजारी जाऊन पडलो.

त्या दिवशी खण उघडाच होता. आठ वर्षांची बारकी आईबरोबर आली. हाक मारली तरी बघत नाही, अशी शाळेची तक्रार होती. यंत्राचा कागद मात्र सांगत होता, दोन्ही कान ठणठणीत.

"म्हणजे नुसती नाटकं!" आई म्हणाली. "आइस्क्रीम म्हटलं की बरं ऐकू येतं!"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "बाळा, आवाज आला की बोट वर करायचं होतं ना? केलंस?"

बारकी रडकुंडीला आली. "यंत्र चालवणाऱ्या ताईंचा हात बटणाकडे गेला की मी बोट वर करायचे. नापास झाले असते तर आई रागावली असती."

कुणी न आपटताच मी थरथरलो. बाईंनी मला वाजवून तिच्या कपाळावर मधोमध टेकवलं. "कुठल्या कानात मोठा आवाज येतो?"

"डाव्या."

"मग तो चांगलाच आहे की!" आई म्हणाली.

"नाही हो. त्याच्या आत काहीतरी अडलंय. बाहेरचा आवाज पोचत नाही, म्हणून हाडातून गेलेला तिथे घुमतो."

तपासणीत कानाच्या पडद्यामागे गाठ निघाली. "कॅन्सर नसावा. पण वाढली तर ऐकण्याची बारीक हाडं खाईल," बाई म्हणाल्या. "चेहरा हलवणारी नसही खेटून आहे. अशी गाठ मी दुसऱ्यांदाच पाहतेय." आईने खुर्चीची कड घट्ट धरली.

गाठ काढायच्या शस्त्रक्रियेत माझं काही काम नव्हतं. खणात पडून नुसतं घाबरणं, एवढंच माझ्या हाती होतं.

गाठ साधीच ठरली. दोन महिन्यांनी बाईंनी मला डाव्या कानासमोर हवेत धरलं. बारकीने बोट वर केलं नाही. माझा आवाज विरत चालला.

"येतोय?"

"नाही... थांबा. हं. खूप लांबून."

"ऐकू येतंय गं!" म्हणत आईने तिला जवळ ओढलं.

मित्रांनो, गाठ पुन्हा आली नाही ना, हे पाहायला बारकी अजून येते आणि दर वेळी मला धडकी भरते. एवढंच मागतो: ऐकू आलं नाही तर तसं सांगा. भीतीपोटी दिलेल्या 'हो'चं मी काय करू? मला तुमचं खरं 'नाही' हवं.