हद्दीचा दगड आणि मोबाईलची फुली

मित्रांनो, मी एक जुना हद्दीचा दगड आहे. जुना म्हणजे कामातून गेलेला नव्हे. मला कामावरून काढलं, तेही एका मोबाईलच्या सांगण्यावरून. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

खाणीतल्या पाथरवटाने मला चारही बाजूंनी तासलं आणि डोक्यावर फुली कोरली. एका वेल्डरने आपली जागा दोन मुलांना वाटून दिली, तेव्हा मोजणीदाराने नकाशा केला आणि मला मधोमध रोवायला सांगितलं. बापाने मुद्दाम दोन्ही मुलांना बोलावलं. थोरल्याने मला इकडून धरलं, धाकट्याने तिकडून.

"भांडलात तर याला विचारा," बाप म्हणाला.

थोरल्याने माझ्या अलीकडे वेल्डिंगची शेड घातली. तिच्यावरच त्याचं घर चालतं. धाकट्याने पलीकडे, पार रस्त्याच्या कडेपर्यंत घर बांधलं. थोरली वहिनी माझ्यावर सुरीला धार लावायची, मुलं शेंबडाची बोटं पुसायची. कौतुक म्हणाल तर एकदाच झालं. रस्त्याच्या कामाला आलेला मोजणीदार माझ्या फुलीवर यंत्र ठेवून म्हणाला, "हा तसूभर हललेला नाही." तेव्हा ऐकायला अंगणात फक्त कोंबड्या होत्या.

मग धाकट्याने मोबाईलवर नकाशाचं ॲप घेतलं आणि बापाच्या नकाशातले आकडे त्यात भरले. हे आकडे कुठल्या पद्धतीचे, असं ॲपने विचारलं. खाली लांबलचक यादी होती. पहिल्या नावावर आधीच खूण होती, ती याने तशीच ठेवली. बायकोला म्हणाला, "आकडे म्हणजे आकडे. त्यांना कसली आलीय पद्धत?"

मित्रांनो, पेटी दहा पावलांवर आहे असं मी सांगितलं, तर तुम्ही विचाराल, कुठून दहा? उंबरठ्यापासून की खिडकीपासून? नकाशाचंही तसंच असतं. जुन्या मोजणीने पृथ्वीचा आकार एक धरला होता आणि सुरुवात एकीकडून केली होती. मोबाईलने आकारही दुसरा धरला आणि सुरुवातही दुसरी. आकडे तेच राहिले, जागा सरकली. मोबाईलवर माझ्या जागेची फुली थोरल्याच्या शेडमध्ये उमटली आणि हद्द थेट शेडमधून गेली.

"दादा, तुझी शेड माझ्या जागेत आहे. हे बघ, मोबाईल सांगतोय."

"वाटणीच्या वेळी तुझा मोबाईल हजर होता का रे?"

"तुला दगडाशिवाय काही कळतच नाही."

"तुझ्यापेक्षा बरा आहे तो. जागेवर तरी राहतो."

हे मात्र धाकट्याच्या वर्मी लागलं. त्याने पहार आणली, मला उपटलं आणि लोळवत शेडच्या दारात नेऊन टाकलं. "उद्या कटर आणतो, खांबच कापतो," तो ओरडला. थोरला शेडच्या तोंडाशी सळई घेऊन उभा राहिला. मी दोघांच्या पायांत पडलेला. माझ्या फुलीत माती गेली होती, ती काढायचं कुणाला सुचलं नाही.

तेवढ्यात थोरली वहिनी बाहेर आली.

"भावजी, इकडची हद्द सरकली तर तिकडचीही सरकली असेल ना? तेवढी बघा बरं."

धाकट्याने पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"काय झालं? न्हाणीघर रस्त्यात आलं ना? मग उद्यापासून तुमच्या आंघोळीला रहदारी थांबवायची का?"

धाकट्याची बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. तो तिच्यावरच खेकसला.

शेवटी मोजणीदाराला बोलावलं. त्याने यादीतलं जुन्या मोजणीचं नाव निवडलं. मोबाईलवरची फुली शेडमधून निघाली आणि मी जिथे होतो त्या खड्ड्यावर येऊन बसली. शेड वाचली. पण थोरला म्हणाला, "याचा हात आता दगडाला लागू देणार नाही." धाकटा म्हणाला, "मग मीही तुला एकट्याला रोवू देणार नाही."

तेव्हापासून मी शेडच्या दाराशी आडवा आहे. थोरला माझ्यावर तापलेलं लोखंड ठेवतो. धाकटा जाता-येता मला लाथ मारतो आणि स्वतःच कळवळतो. मला त्याची दया येत नाही.

मित्रांनो, मोबाईलवर खुशाल मोजा. पण आकडा दिसला की आधी विचारा, कुठून? आणि कुणाची खूण उपटण्याआधी थांबा. आता मोबाईल माझी जागा अगदी बरोबर दाखवतो. खड्डाही अजून बुजलेला नाही. मला उपटायला एक माणूस आणि पहार पुरली. उभं करायला मात्र दोघं लागतात.