उजव्या भुवईवरचा व्रण

सम्राटाचा हुकूम गावात येऊन पोचला होता. प्रत्येकानं मगरदेवाच्या वेदीवर धूप घालायचा, बळीचं मांस पंचांसमोर खायचं आणि तसा कागद लिहून घ्यायचा. कागद नाही त्याला तुरुंग. आमच्या ख्रिस्ती मंडळीतला होरियन कोष्टी नाही म्हणाला, तो परत आलाच नाही. मांस खाल्लं तर ख्रिस्ताला नाकारलं, न खाल्लं तर होरियनच्या मागोमाग. मी भित्री बाई आहे, शूरपणाचा आव आणत नाही.

माझी थोरली बहीण तामिस्था आमच्यातली नाही. तिनं सासरच्या गावी स्वतःचा कागद कधीच घेतला होता. मला बघायला आली आणि म्हणाली, "तुझ्या नावानं मी जाते. चेहरा तर एकसारखाच. पंच परगावचे, त्यांना काय कळतंय?"

"ताई, गावच्या यादीत खूण लिहिलीय माझी. उजव्या भुवईवर व्रण."

तिनं माझ्या व्रणावर बोट ठेवून लांबी मोजली. सकाळी उठून पाहते तर चुलीपाशी बसलेली, हातात सुरी, भुवई रक्तानं माखलेली.

"ओरडू नकोस. पंच यायला दहा दिवस आहेत, तोवर खपली पडेल."

तिला अडवायला हवं होतं. मी फडकं भिजवून दिलं, बस्स.

दहाव्या दिवशी ती माझी शाल पांघरून रांगेत गेली. मी धान्याच्या कोठीमागे दडून बसले. दारावरून कुणी गेलं की आणखी आत सरकायची. दुपार टळल्यावर ती आली आणि कागद माझ्या मांडीवर टाकला.

"शेजारपाजारच्यांनी ओळखलं, पण माना खाली घातल्या. कारकून म्हणाला, व्रण ताजा दिसतोय. म्हटलं, नवरा एकाच जागी मारतो. हसला मेला, आणि दिलं लिहून."

मला हसू आलं नाही. ती सासरच्या वाटेकडे बघत होती.

"आता कशाला घाबरतेस, ताई? झालं ना?"

"तुझं झालं गं. मी मगरदेवापुढे खोटं नाव घेतलंय, शपथेवर. माझी लेक रोज त्याच्या मगरी असतात त्याच कालव्यात उतरून पाणी भरते." तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "तुझ्या देवाला सांग, तिच्यावर लक्ष ठेव म्हणावं."

मी गुडघे टेकले. कोणत्या तोंडानं मागू ते कळेना. ताई शेजारी बसली होती, माझे ओठ हलायची वाट बघत.