सोडलेली बांडी

गाठ पुन्हा हाताला लागली त्याच दिवशी बांडी परत आली.

आता कुणी म्हणेल, योगायोग. म्हणा बापडे. केळदच्या वरच्या धनगरवाड्यात ऐन भादव्याच्या धुक्यात चार दिवस राहून दाखवा आणि मग म्हणा. भागूबाई सकाळी ओढ्यावर अंग धूत होती. डाव्या बाजूला, पुण्याच्या डाक्टरनं कापून सपाट केलं होतं त्याच्या जरा वर, काखेत तिचं बोट गेलं आणि तिथंच थांबलं. चिंचोक्याएवढं काहीतरी हाताखाली सरकलं. तिनं पुन्हा दाबून बघितलं. होतंच ते. पदर ओढून ती दगडावर नुसती बसून राहिली. मान वर केली तर ओढ्यापलीकडं, करवंदीच्या जाळीपाशी, एक शेळी उभी. पांढऱ्या अंगावर काळे डाग, एक शिंग वाकडं, आणि त्या शिंगाला चिंधी. पाला खाईना, पाणी पिईना, भागूकडं बघत होती.

भागूनं तिला लगेच ओळखलं. बांडीच ती. त्या शिंगाला चिंधी तिनंच बांधली होती, स्वतःच्या हातानं, दोन वर्षांमागं.

तेव्हा लग्नाला फार दिवस झाले नव्हते. भागूच्या छातीत गाठ आली, ती वाढली. भोरच्या दवाखान्यातल्या डाक्टरनं बघून मान हलवली आणि पुण्याला धाडलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यानं कापून काढली. कॅन्सर म्हणाले. हा शब्द धनगरवाड्यात कुणाच्या जिभेवर बसला नाही, सगळे आपले गाठच म्हणायचे. निम्मी शेरडं त्यात गेली, भागूच्या पायातलं चांदीचं वाळं गेलं. पण तिचा नवरा सावळा एका शब्दानं कुरकुरला नाही. उलट तिचीच समजूत घालायचा, "शेरडं पुन्यांदा व्यातील गं. तू मला पुन्यांदा कुठं गावायची?" असा नवरा होता. सगळ्यांना मिळत नाही.

बाई घरी आली तेव्हा सासूनं, धोंडाबाईनं, तिला उंबऱ्यातच थांबवलं. धोंडाबाई जिभेची तिखट, पण सुनेवर जीव होता. ती म्हणाली, "डाक्टरनं गाठ काढली, खरं हाय. पर रोग कुठं गेला? त्याला बसाया जागा दिली न्हाई, तर त्यो जुनीच जागा हुडकत येतो."

मग रीतीप्रमाणं उतारा केला. घरच्या कळपातली एक शेळी घ्यायची. दुखणेकऱ्यानं तिच्या पाठीवर हात ठेवायचा, जखमेवरची चिंधी तिच्या शिंगाला बांधायची, आणि घरधन्यानं तिला घाटाच्या कड्यापलीकडं सोडून यायचं. सोडली की ती कुणाची नाही. तिला शिवायचं नाही, विकायचं नाही, कापायचं नाही. परतताना मागं बघायचं नाही आणि काही झालं तरी हाक द्यायची नाही. सावळानं बांडीला नेलं, सोडलं, आणि तिन्हीसांजेला घरी आला. भागू हळूहळू धडधाकट झाली, डोक्यावरून पाण्याची घागर आणायला लागली.

आणि आता ही दारात उभी.

दारात म्हणजे खोपटाच्या मागं, गोठ्याच्या कुडापाशी. तिथनं हलेना. कळपातली शेरडं तिला अंगाला अंग लागू देत नव्हती. ती जिथं उभी राही, तिथलं गवत बाकीच्यांनी सोडून दिलं. ओरडली मात्र कधी नाही. भागू रात्री चुलीपुढं पडली की कुडाच्या पलीकडनं तिचं श्वास घेणं ऐकू यायचं. भागूनं कूस बदलली की तीही पलीकडं जागा बदलायची.

सावळा भागूला घेऊन भोरला गेला. डाक्टरनं काखेत हात घालून बघितलं आणि खुर्चीत मागं टेकला. पुण्याला पुन्हा कापावं लागेल, म्हणाला, आणि मग मुंबईला नेऊन विजेचा शेक. लगेच गेलात तर आशा आहे, खर्च मात्र मागच्यापेक्षा पुष्कळ. सावळानं तिथंच मनाशी ठरवलं. उत्रोलीच्या भातखाचरांच्या कडेनं परत येताना तो एवढंच बोलला, "समदी शेरडं इकायला काढू." भागूनं विचारलं, "आन मग आपण खायाचं काय?" तो म्हणाला, "तू ऱ्हा. खायाचं बघू."

घरी धोंडाबाईनं ऐकलं आणि लेकाच्या अंगावरच आली. "बांडी कुडापाशी हुबी असताना पैसा ओतशील, तर डाक्टर कापत ऱ्हाईल आन ती वाढवत ऱ्हाईल! सोडलेलं जनावर परत येत न्हाई. तू केलंस काय त्या दिवशी?"

सावळा काठीनं जमीन उकरत बसला. मग म्हणाला, "हाक दिली व्हती म्या."

"काय?"

"मुद्दाम न्हाई गं आये. कड्यावरनं फिरलो, धुकं उतरलं. धुकं आलं की हाक द्यायची, पोरवयापास्नं सवय. तोंडातनं गेली. एकदाच."

बघा आता! दुसऱ्या कुणा माणसाच्या हातनं अशी चूक व्हायची नाही. शेतकरी असता तर गप चालत घरी आला असता. पण धनगराचा गळा तो. धुकं दिसलं की आपलं जनावर चुकू नये म्हणून आपोआप उघडतो. धोंडाबाईनं कपाळाला हात लावला. भागूला मात्र नवऱ्याचा राग आला नाही. दोन वर्षं हा माणूस हे पोटात ठेवून तिच्याशी हसत होता, याचंच तिला वाईट वाटलं.

कापूरहोळचा सोनबा नावाचा व्यापारी दोन दिवसांत कळप न्यायला येणार होता. सावळा हलक्या आवाजात म्हणाला, "कळपात घालून दिऊ तिला. त्येला काय कळतंय?"

भागू ताडकन उठून बसली. "आन त्येच्या घरात बायको न्हाई व्हय? मला जगायचंय, लई जगायचंय. रोज सकाळी डोळं उघडलं की पयलं त्येच येतं मनात. पर दुसऱ्या बाईच्या अंगात ह्ये सोडून न्हाई जगायचं मला. मी नेती तिला. तुमी हितंच ऱ्हावा. तुमचा गळाच तिला वढतो."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ती निघाली. दोरी लावावीच लागली नाही. भागू चालायला लागली तशी बांडी मागनं आली, मग बरोबर, मग जरा पुढं. वाट तिलाच जास्त ठाऊक. घाटमाथ्यावर सगळं पांढरं होऊन गेलं होतं, हाताची बोटं दिसत होती तेवढीच. कड्यापाशी भागू थांबली. शिंगावरची चिंधी दोन पावसाळ्यांनी धुऊन काढली होती, तरी गाठ जशीच्या तशी. "जा बाई," भागू म्हणाली. बांडीनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि धुक्यात शिरली. खुरांचा आवाज थोडा वेळ आला, मग तोही थांबला.

भागू वळली. मागं बघायचं नाही म्हणून तिनं पदर कानावरनं घट्ट ओढला. दहा-वीस पावलं गेली असेल, तोच मागून, खाली दरीतनं, हाक आली.

"ह्योऽऽ यो यो होऽऽ"

सावळाची हाक. आवाज त्याचाच, ओढ त्याचीच, शेवटचा झोकाही त्याचाच. तो घरी होता आणि ही हाक कोकणाच्या अंगानं येत होती. पुन्हा आली. आणि तिला कळलं की हा आताचा सावळा नव्हे. आताच्या त्याच्या गळ्यात कायम काहीतरी अडकलेलं असतं. ही हाक मोकळी होती, बायको बरी होऊन घरी आलेल्या माणसाची. दोन वर्षं ती त्या दरीतच फिरत होती आणि बांडी तिच्या मागनं हिंडत होती. भागूचे पाय थांबले. काखेतली कळ, जी पंधरा दिवस क्षणभर सोडत नव्हती, ती हाकेसरशी बंद झाली. किती बरं वाटलं तिला! नुसतं वळायचं, चार पावलं टाकायची. तिथं तिला दुखणार नव्हतं, शेरडं विकायची नव्हती, आणि तिथला सावळा अजून हसत होता.

तिनं खरंच एक टाच फिरवली होती. तेवढ्यात पुढं धुक्यात काहीतरी हललं. घोंगडं पांघरलेला माणूस होता. भागू दचकून मागं सरणार होती, पण तिला त्याचं तोंड दिसलं. सावळा होता. राहवलं नव्हतं त्याला, मागनं आला होता. आणि हाक तोंडातनं निसटू नये म्हणून त्यानं घोंगड्याचा कोपरा दातांत धरला होता, इतका घट्ट की ओठातनं रक्त आलं होतं. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. त्यानं नुसता हात पुढं केला. भागू त्या हाताकडं चालत गेली. प्रत्येक पावलाला काखेत कळ परत येत होती, पण ती चालत गेली.

दोघं खाली उतरायला लागली. वरनं हाक येतच होती, बारीक होत. घर दिसल्यावर सावळा म्हणाला, "म्या न्हाई गं दिली."

"ठावं हाय. ती तुमची तवाची हाय."

त्या रात्री कुडापलीकडं काही वाजलं नाही. धोंडाबाईनं दिव्याला हात जोडले. भागूही बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

सकाळी सोनबा आला. तोंडाळ माणूस, पण व्यवहाराला सरळ. त्यानं पैसे मोजून सावळाच्या हातात दिले आणि शेरडं हाकायला लागला. शेरडं काही उठेनात. काठी आपटली, शिव्या दिल्या, एका बोकडाचा कान धरून ओढला. बोकड चार पावलं गेला आणि परत येऊन बसला. धन्याच्या हाकेवाचून ती कधी वाड्याबाहेर पडलीच नव्हती.

"पाव्हनं, हाक द्या की एक!" सोनबा वैतागला. "नदीपतूर पोचली की मंग माझं मी बघतो."

सावळानं घाटाकडं बघितलं, धोंडाबाईकडं बघितलं. धोंडाबाईनं तोंडावर पदर धरून जोरजोरात मान हलवली.

"देत न्हाई म्हंता? मंग माझं पैसं द्या. मला काय खांद्यावर न्यायचीत व्हय ही?"

सावळाचा पैशाचा हात खरंच पुढं झाला. भागूनं तो मनगटाशी धरला.

"द्या हाक," ती म्हणाली.

"अगं, ती यील."

"येऊ द्या. पैसा न्हाई तर डाक्टर न्हाई. डाक्टर न्हाई तर मी तशीबी न्हाईच. ती आली तर आली, घरचीच हाय आपल्या. किती दिस तिला लोकाच्या रानात पाठवायचं? द्या."

सावळानं तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसता घोगरा वारा आला. मग त्यानं डोळे मिटले आणि हाक दिली. शेरडं एकदम उठली आणि उताराला लागली. जी लहानपणापासून त्याच्या हातावर वाढली होती, ती त्याच्या पायांना घासून गेली. तो हाक देत राहिला आणि रडत राहिला. शेवटचं शेरडू दिसेनासं झालं तेव्हा घाटमाथ्यावरनं एकच ओरडणं आलं, लांब, माणसासारखं.

सोनबा खालच्या वळणावर थांबला. "एक वर ऱ्हायली काय हो?"

"ती विकायची न्हाई!" भागूनं वरनं सांगितलं. तो गेला.

बांडी यायला फार वेळ लागला नाही. अंगावर दव, पायाला चिखल, सरळ अंगणात आली आणि भागूसमोर उभी राहिली. "शिवू नगंस!" धोंडाबाई ओरडली. पण भागू खाली बसली. दोन वर्षांत त्या जनावराला कुणी हात लावला नव्हता. भागूनं मानेवर हात ठेवला, मग खाली, पुढच्या डाव्या पायाच्या वर, दाट केसांत बोटं घातली. तिथं गाठ होती. चिंचोक्याएवढी, बोटाखाली सरकणारी.

आणि त्याच घडीला भागूच्या काखेत कुणाचा तरी हात लागला.

बोटं गार, दवानं ओली. तिनं हात काढला, तसा तो हातही गेला. तिनं पुन्हा अलगद ठेवला. पुन्हा तिथंच, तितकाच अलगद. तो तिचाच हात होता. बांडीला ती शिवत होती आणि तिला स्वतःला कळत होतं. बांडी थंडीनं थरथरत होती आणि भागूचे दात वाजत होते. दोन पावसाळे हिनं त्या कड्यावर काढले, कपारीत, वाघरांच्या भयानं, एकटीनं. आपण आपल्यालाच कड्यावर सोडून आलो होतो, एवढंच तिच्या मनात आलं.

"चल गं," सावळा मागनं म्हणाला. बोचकं त्याच्या खांद्यावर होतं. "भोरला मोटार गाठायची हाय."

भागू उठली. बांडीच्या शिंगाला धरून तिनं तिला खोपटाच्या दारापर्यंत आणलं. दारात धोंडाबाई उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून, वाट अडवून.

"आत्याबाई," भागू म्हणाली, "हिला आत घ्या. चुलीपाशी बांधा, कोमट पानी पाजा. मी पुण्यास्नं येईपतूर हिला गार लागू दिऊ नका. हिला काय झालं, तर..."

धोंडाबाईनं सुनेचे वाजणारे दात बघितले, शेळीचे थरथरणारे पाय बघितले. मग चौकटीवरचे हात काढले, खांद्यावरचं घोंगडं उतरवून बांडीच्या पाठीवर टाकलं, आणि ती दारातनं बाजूला झाली.