दोष माझ्या पट्टीत नव्हता

"पियानो ठणठणीत आहे, मॅडम. तुम्ही तेवढा डावा हात डॉक्टरांना दाखवा," माझे सूर लावणारे रामलोगन म्हणाले, तेव्हा एर्मिन खो खो हसली.

"तीस वर्षं लंडनमध्ये जॅझ वाजवलंय या हातानं! तुम्हीच कान तपासून घ्या, रामलोगन!"

मित्रांनो, मी आमच्या बेटावरच्या बेलमाँट वस्तीतल्या तिच्या घरातला म्हातारा पियानो. सात वर्षांची एर्मिन माझ्यावरच शिकली. चर्चची गाणी वाजवता वाजवता हळूच कॅलिप्सोची, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्यांची, चाल घुसडायची आणि आईचा धपाटा खायची. पुढे जहाजात बसून ती गेली. तिकडे तिच्या तबकड्या निघाल्या, नाव झालं. इकडे माझ्यावर फुलदाण्या आल्या. ती परतली, तेव्हा कुठे माझं झाकण पुन्हा उघडलं.

पण गेल्या डिसेंबरपासून मला शंका येऊ लागली. डाव्या करंगळीचा सूर मागून यायचा. वाटलं, नवी लकब असेल. जॅझवाल्यांचा काही नेम नसतो. मग एकदा तो सूर आलाच नाही. मी सावध झालो. रोज तिचा स्पर्श तोलू लागलो. कप उजव्याच हातानं का उचलते? टाळी का वाजवत नाही?

आमच्या बेटावर पियानोची पट्टी अडली, की खापर समुद्राच्या वाऱ्यावर फुटतं. मग पियानोच्या पोटात विजेचा दिवा लावून लाकूड सुकवायचं. तिनंही लावला. महिनाभर मी आतून भाजत राहिलो, आणि तिचं दुखणं वाढत राहिलं.

शेजारच्या मर्लनं एकदा टोकलंच, "काय गं, हल्ली अर्धीच चाल वाजवतेस?"

"पियानो म्हातारा झालाय, दूदू," एर्मिन तिला लाडानं म्हणाली.

"पियानो, की तू?"

"आधी तुझी जीभ म्हातारी होऊ दे!"

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

काल सकाळी तिनं उजव्या हातानं डावा हात उचलून माझ्या पट्ट्यांवर ठेवला. तो तसाच पडून राहिला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग मर्लनं दार वाजवलं, तर आतूनच म्हणाली, "पियानो बिघडलाय. उद्या ये." शब्द जड येत होते. मर्ल बिचारी निघून गेली.

आज दुपार झाली. तिची पावलं ऐकू आलेली नाहीत.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. बेलमाँटमध्ये तुमचं कुणी असेल, तर त्याला आत्ताच एर्मिनच्या दारी पाठवा. आतून "मी बरी आहे" असं आलं, तरी त्याला परत फिरू देऊ नका.